न वाढणारी साकुरा आणि तिचे वाढलेले वाचक

जपानातील शाळकरी मुलींच्या एका मासिकाची हकीकत प्रौढ श्रोत्यांपुढे मांडावयाची, हे कित्येकांस चमत्कारिक वाटेल. इतिहास म्हटला की लढाया, तह, राजे आणि आमच्यासारख्यांच्या तोंडी फार तर संप, अशी आपली समजूत झालेली आहे. परंतु कोणत्या वयाच्या माणसाने काय वाचावे, हेही कोणीतरी केव्हातरी ठरविलेले असते, आणि जे माणसांनी ठरविले त्याला इतिहास असतोच. ३ जून २०१६ रोजी जपानात 'नाकायोशी' या मासिकाचा जुलैचा अंक निघाला. २००० साली संपलेली 'कार्डकॅप्टर साकुरा' ही चित्रकथा त्या अंकात पुन्हा सुरू झाली. पहिल्या वेळी ज्या आठ ते बारा वर्षांच्या मुलींनी ती वाचली होती, त्या एव्हाना चोवीस ते बत्तीस वर्षांच्या झाल्या होत्या. कथेतली साकुरा मात्र नुकतीच माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात पाऊल टाकीत होती. या विषम गाठीची कथा आम्हांस सांगावयाची आहे.

प्रथम मासिकाविषयी. 'नाकायोशी' म्हणजे जिवलग मैत्री. कोदान्शा या प्रकाशनसंस्थेने ते १९५४च्या अखेरीस सुरू केले. दुसऱ्याच वर्षी शुएइशा या संस्थेने 'रिबोन' काढले आणि दोघांची स्पर्धा जुंपली. दूरध्वनीच्या यादीएवढा जाड अंक, स्वस्त कागद, आठ-दहा क्रमशः चित्रकथा, आणि सोबत पुरवणी म्हणून काही वस्तू. या पुरवणी-वस्तूंची गंमत अशी, की त्या दीर्घकाळ बहुतेक कागदाच्याच असत: कागदी पेट्या, पत्राचे कागद, घडी घालून करावयाच्या पिशव्या. याचे कारण सौंदर्यदृष्टीत शोधू नये. मासिकांना सरकारी रेल्वेने सवलतीचा वाहतूकदर दिला होता, आणि त्या सवलतीच्या नियमांत पुरवणी कशाची असावी यावर बंधने होती. मुलींच्या एका पिढीची आवडनिवड अशी मालगाडीच्या दरपत्रकाने घडविली. ज्याने मालधक्क्यावर कधी काम केले आहे, त्याला याचे नवल वाटणार नाही.

या मासिकांचा एक अलिखित दंडक होता. मुलगी प्राथमिक शाळेत असताना मासिक वाचते, माध्यमिक शाळेत गेली की त्यातून 'उत्तीर्ण' होते. जपानी लोक यासाठी शाळा सोडण्याचाच शब्द वापरतात. पुढे तिच्यासाठी थोरल्या मुलींची मासिके असतात, आणि नोकरी-संसाराला लागल्यावर बायकांची. कोदान्शानेच १९८०मध्ये प्रौढ स्त्रियांसाठी 'बी लव्ह' काढले. जिना असा बांधलेला की वाचकाने एकेक पायरी चढत जावे आणि खाली वळून पाहू नये.

आता जादूगार मुलीची परंपरा. १९६२ साली 'रिबोन'मध्ये फुजिओ आकात्सुका यांनी आरशाच्या जादूने रूप पालटणारी आक्को नावाची मुलगी आणली. १९६६ साली त्याच मासिकात मित्सुतेरु योकोयामा यांची सॅली आली. सॅली जादूच्या राज्यातून माणसांत राहावयास आलेली. ही कल्पना 'बिविच्ड' या अमेरिकन दूरचित्रवाणी-मालिकेवरून सुचलेली, हे उघडच मान्य केले जाते. डिसेंबर १९६६मध्ये तोएइ दोगा या कंपनीने सॅलीची चलच्चित्र-मालिका सुरू केली आणि जादूगार मुलगी घरोघर पोचली.

या कंपनीविषयी दोन शब्द बोलल्याशिवाय आमच्याने राहवत नाही. तोएइ दोगामध्ये १९६१ साली कामगारांची संघटना उभी राहिली. १९६४ साली तिचे सरचिटणीस झाले हायाओ मियाझाकी, तेच पुढे जगप्रसिद्ध झालेले चित्रपटकार, आणि उपाध्यक्ष होते इसाओ ताकाहाता. म्हणजे सॅलीची झाडू आकाशात उडत होती त्या काळी तिच्या रेघा ओढणारे हात वेतनवाढीच्या सभेतही वर होत होते. १९७२ साली या कंपनीत कामगारकपात झाली, टाळेबंदीही झाली. त्यापुढे या धंद्यात पगारी माणसापेक्षा चित्रामागे मजुरी घेणारा कारागीर वाढत गेला. उक्त्या कामाची ही पद्धत विडी-कारखान्यांपासून यंत्रमागापर्यंत आपणांस परिचयाची आहे. मुलांच्या स्वप्नांचा कारखानाही कारखानाच असतो.

असो. आरंभीच्या या सर्व कथा पुरुषांनी लिहिलेल्या होत्या. १९७०च्या दशकात मोतो हागिओ, केइको ताकेमिया, युमिको ओशिमा अशा, १९४९च्या आगेमागे जन्मलेल्या, स्त्रियांनी मुलींच्या चित्रकथेचा ताबा घेतला, आणि तिला मनाची खोली दिली. जादूगार मुलीच्या प्रकारात हा पालट जरा उशिरा, पण मोठ्या दणक्याने आला. 'नाकायोशी'च्या फेब्रुवारी १९९२च्या अंकापासून नाओको ताकेउची यांची 'सेलर मून' सुरू झाली. येथे मुली टोळी करून लढू लागल्या. त्या काळात 'नाकायोशी'चा खप २० लाखांवर गेला. 'रिबोन' तर १९९४मध्ये सुमारे २५ लाखांवर पोचले.

याच लाटेवर १९९६ साली 'साकुरा' आली. तिच्या कर्त्या चार स्त्रिया: आगेहा ओकावा, मोकोना, त्सुबाकी नेकोई आणि सात्सुकी इगाराशी. चौघींनी मिळून एकच नाव घेतले, क्लॅम्प. या ओसाकाकडच्या मुली आरंभी स्वतःच पुस्तिका छापून हौशी चित्रकथांच्या बाजारात विकत. तेव्हा मंडळी अधिक होती, १९८९ साली त्या धंद्यात उतरल्या, आणि पुढे चौघी उरल्या. कथा ओकावा रचतात, चित्रांचा मुख्य भार मोकोनांवर, बाकीच्या दोघी कामाप्रमाणे वाटा उचलतात. मुखपृष्ठावर मात्र कोणा एकीचे नाव नाही. अशी जूट तीस वर्षांवर टिकणे किती कठीण, हे संघटना चालविणाऱ्याला विचारा.

कथा थोडक्यात अशी. साकुरा किनोमोतो ही तोमोएदा गावातील चौथीतली मुलगी. वडिलांच्या तळघरातील ग्रंथालयात ती एक पुस्तक उघडते, आणि क्लो रीड नावाच्या मांत्रिकाने घडविलेली जादूची पाने वाऱ्याबरोबर दशदिशांना उधळतात. ती गोळा करावयाची जबाबदारी तिच्यावर येते. मूळ चित्रकथेत अशी पाने १९ आहेत. मदतीला केरो नावाचा, पुस्तकाची राखण करणारा प्राणी. स्पर्धेला हाँगकाँगहून आलेला श्याओरान, जो पुढे जिवाभावाचा होतो.

परंतु ही कथा लोकांच्या मनात राहिली ती जादूमुळे नव्हे, असे आमचे मत आहे. साकुराची आई ती तीन वर्षांची असताना वारलेली. वडील विद्यापीठात पुरातत्त्व शिकवितात, थोरला भाऊ शिकता शिकता जागोजागी किरकोळ नोकऱ्या करतो. घरात स्वयंपाक, भांडी, झाडलोट यांच्या पाळ्या लावलेल्या. बाप रांधतो, भाऊ रांधतो, मुलगीही रांधते, आणि त्याचा कोणी गाजावाजा करीत नाही. दुसरी गोष्ट पोशाखाची. 'सेलर मून'मध्ये मुलीच्या अंगावर दिव्य वस्त्रे आपोआप चढतात. साकुराला तसे काही होत नाही. तिचा प्रत्येक पोशाख तिची मैत्रीण तोमोयो रात्री जागून हाताने शिवते, आणि वर कॅमेरा घेऊन तिचे पराक्रम टिपीत हिंडते. जादूमागे शिवणारे हात दाखविणारी गोष्ट आम्ही तरी दुसरी फारशी पाहिली नाही. आणि तिसरे, या कथेत नाव घेण्याजोगा दुष्ट कोणी नाही. सगळे ठीक होईल, हा साकुराचा दिलासा हेच तिचे शस्त्र.

१२ खंडांनंतर २००० साली कथा संपली. श्याओरान हाँगकाँगहून परततो, साकुरा नव्या शाळेच्या गणवेषात त्याच्याकडे धावते, आणि पडदा. वाचक-मुलीही त्याच सुमारास माध्यमिक शाळेत गेल्या. दंडकाप्रमाणे सर्व यथास्थित झाले. त्याच वर्षी अमेरिकेत या कथेच्या चलच्चित्राची काटछाट चालली होती. ७० भागांतून तेथील वाहिनीने ३९च दाखविले, आणि आरंभ केला आठव्या भागापासून, कारण तेथे श्याओरान प्रथम येतो. नायक मुलगा भासला म्हणजे मुलगे पाहतील हा हिशेब. वाचक कोण असावा हे धंदा कसे ठरवितो, याचा याहून उघड दाखला नको.

मासिकातून उत्तीर्ण झालेल्या त्या मुलींचे पुढे काय झाले, हे पाहिल्याशिवाय २०१६चा अर्थ लागत नाही. जपानने स्त्रीपुरुषांना नोकरीत समान संधी देणारा कायदा १९८५ साली केला व पुढील वर्षी तो अमलात आला. कागदावर दार उघडले. परंतु १९९०च्या दशकात मंदी आली, आणि कायम नोकरीऐवजी कंत्राटी, तासावारी, कामचलाऊ नेमणुकांचा सुळसुळाट झाला. साकुराच्या वाचकांपैकी ज्या २००८च्या जागतिक मंदीच्या तोंडावर वा तिच्यानंतर नोकरी शोधू लागल्या, त्यांनी याचा प्रसाद पुरेपूर चाखला. २०१६ साली जपानात मजुरी करणाऱ्या स्त्रियांपैकी निम्म्याहून अधिक अशा कायम नसलेल्या नोकरीत होत्या. सगळे ठीक होईल असे लहानपणी ज्यांना सांगितले गेले, त्यांना रोज उशिराच्या गाडीने घरी परतताना ते शब्द आठवले असतील की नाही, याचा विचार श्रोत्यांनीच करावा.

त्याच २०१६ साली आणखी एक गोष्ट घडली. जपानात जन्मलेल्या मुलांची संख्या, मोजदाद सुरू झाल्यापासून प्रथमच, दहा लाखांच्या खाली गेली. १९७३ साली हीच संख्या सुमारे २१ लाख होती. मुलींच्या मासिकाला मुलीच पुऱ्या पडेनात. 'नाकायोशी'चा खप जुन्या काळाच्या एका लहानशा अंशावर उतरला होता. तेव्हा प्रकाशकांची नजर जिन्याच्या वरच्या पायऱ्यांकडे वळली, जेथे पूर्वीच्या वाचक आता मिळवत्या होऊन उभ्या होत्या. २०१४मध्ये 'सेलर मून'चे चलच्चित्र नव्याने आले. २०१५मध्ये 'नाकायोशी'च्या साठ वर्षांनिमित्त साकुराची नऊ खंडांची नवी आवृत्ती निघाली, आणि पुढच्या वर्षी 'क्लिअर कार्ड' या नावाने कथा पुढे चालू झाली. ज्या व्यवस्थेने मुलींना बाराव्या वर्षी बाहेर काढले, तिनेच पगार हाती येताच त्यांना परत बोलाविले. यात प्रेमापेक्षा पैशाचे गणित मोठे होते, हे म्हणावयास आम्हांस संकोच वाटत नाही.

तरीही एवढ्याने प्रकरण मिटत नाही. मालकाने स्वतःच्या फायद्यासाठी दार उघडले, म्हणून आत जाणाऱ्याचा हक्क खोटा ठरत नाही. आठ तास काम, आठ तास झोप आणि आठ तास आपल्या मर्जीचे, ही मागणी आमच्या चळवळीने शंभर वर्षांवर केली. त्या तिसऱ्या आठ तासांत कामगाराने काय करावे, यावर मात्र सुशिक्षितांचीच नव्हे, आमच्या पुढाऱ्यांचीही सदैव देखरेख. त्याने प्रबोधनपर ग्रंथ वाचावेत, पोरकट काही वाचू नये! आम्ही स्वतः पंधराव्या वर्षी कामाला लागलो. मुलांची पुस्तके मुलाच्या वयात आमच्या हाती आलीच नाहीत. 'किशोर' मासिकाचे जुने अंक आम्ही सार्वजनिक वाचनालयात बसून वाचले ते पगारपत्रकावर सही करू लागल्यानंतर. तेव्हा शेजारचे गृहस्थ हसत. मुलांचे वाङ्मय वाचण्याचे वय निघून गेले, असे ज्यांना बालपण पुरते मिळाले त्यांनी खुशाल म्हणावे.

'क्लिअर कार्ड' आम्ही इंग्रजी भाषांतरातून वाचले. जेथे पूर्वीचा पडदा पडला त्याच फुललेल्या चेरीच्या झाडांखाली ते सुरू होते. कथेत एक क्षणही गेलेला नाही. पण जुन्या भागात तोमोयोच्या आईच्या कंपनीतला भ्रमणध्वनी ही अपूर्वाई होती, आणि आता एकाएकी सर्वांच्या हाती स्मार्टफोन आहेत! साकुराची सर्व पाने एका रात्री पारदर्शक, निर्बल होतात, आणि नवी पाने गोळा करण्याचे काम पुन्हा आरंभापासून. नवी मैत्रीण आकिहो येते, आणि तिच्याबरोबर काइतो नावाचा कारभारी. हा काइतो काळ मागे फिरवितो. काही बिनसले की घड्याळ उलटे, आणि दर वेळी त्याचे शरीर झिजत जाते. सोळा वर्षांनी त्याच झाडाखाली परतलेल्या कथेत काळ मागे नेणारा मनुष्य आणि त्याची किंमत दाखवावी, हे लेखिकांनी हेतुपुरस्सर केले असो वा नसो, वाढलेल्या वाचकाला ते चटका लावते.

कथेत दोष नाहीत असे नाही. ती फार संथ आहे. पानेच्या पाने नव्या पोशाखांत, केकच्या पाककृतींत आणि चहापानात जातात, आणि रहस्य इतके लांबते की मासिकातून वाचणाराचा जीव टांगणीला न लागता कंटाळतो. जुन्या १२ खंडांत जे मावले त्यापेक्षा कमी येथे १६ खंडांत आहे.

मात्र पुन्हा वाचताना प्रौढ वाचकाला जे दिसते, ते लहान मुलीला दिसत नव्हते. साकुराच्या आईने सोळाव्या वर्षी लग्न केले, आणि ते आपल्या शाळेतल्या शिक्षकाशी. जुन्या भागात साकुराची वर्गमैत्रीण रिका आणि त्यांचे वर्गशिक्षक तेरादा यांच्यात प्रेम दाखविले आहे. शिक्षक तिला अंगठी देतात. मुलगी प्राथमिक शाळेतली! १९९६च्या वाचक-मुलींना हे गोड वाटले असेल. त्याच मुली स्वतः शिक्षिका, परिचारिका, आया होऊन ते पान उलटतात तेव्हा हात थबकतो. हे पान फाडावे की नाही, हा प्रश्न आम्ही विचारीत नाही. पण आवडती कथा पुढे वाचावयाची तर तिचा हा भागही सोबत घ्यावा लागतो, आणि त्यावर बोलावे लागते. नव्या कथेत रिका दुसऱ्या शाळेत गेलेली आहे. लेखिकांनी तो धागा न बोलता सोडून दिला. जपानच्या कायद्यात मुलीच्या विवाहाचे किमान वय सोळा होते. ते अठरा झाले १ एप्रिल २०२२पासून, म्हणजे 'क्लिअर कार्ड' चालू असतानाच. चित्रकथेमुळे कायदा बदलला असे कोणी म्हणणार नाही. परंतु ज्या पिढीने ती कथा दोनदा वाचली, तिच्या दोन वाचनांच्या मध्ये हा बदल घडला.

वाढलेल्या वाचकासाठी दुसरी वाटही जपानात चोखाळली गेली. 'ओजामाजो दोरेमी' ही १९९९ साली सुरू झालेली लहान जादूगारणींची मालिका. तिच्या पात्रांना २०११पासून कादंबऱ्यांतून सोळा वर्षांचे केले गेले, आणि नोव्हेंबर २०२०मध्ये आलेल्या चित्रपटात तर जादूगारणी जवळजवळ नाहीतच. त्यात आहेत लहानपणी ती मालिका पाहिलेल्या तीन तरुणी: एक व्यापारी कंपनीत नोकरी करणारी, एक विद्यार्थिनी, एक किरकोळ कामांवर पोट भरणारी. पहिलीला कचेरीत बाई म्हणून डावलले जाते, तिसरीच्या कमाईवर तिचा मित्र डल्ला मारतो. तिघी मालिकेतील जुन्या जागा पाहावयास हिंडतात, एवढीच गोष्ट. आमचा कल या चित्रपटाकडे अधिक आहे, कारण त्यात वाचकच नायिका झाले आहेत. परंतु आमच्या संघटनेतील तरुण भगिनींशी बोलताना याचे उत्तर मिळाले ते असे: सगळेच वाढले, थकले, घरभाडे भरू लागले, तर परतून जावयाचे कोठे? साकुराने तेथेच राहावे. आम्ही यावर वाद घातला नाही.

'क्लिअर कार्ड'चे शेवटचे प्रकरण १ डिसेंबर २०२३ रोजी निघालेल्या अंकात आले, सोळावा खंड एप्रिल २०२४मध्ये. म्हणजे मूळ कथेला जेवढी वर्षे लागली, त्यांच्या जवळजवळ दुप्पट पुढच्या भागाने घेतली. २०१६ साली बत्तीस वर्षांची असलेली वाचक तो संपला तेव्हा चाळिशीला टेकली होती. त्याच २०२४च्या जुलैपासून सप्टेंबरपर्यंत टोकियोच्या राष्ट्रीय कलाकेंद्रात क्लॅम्पच्या चित्रांचे प्रदर्शन भरले. मासिकाच्या स्वस्त कागदावर छापली गेलेली ती पाने तेथे चौकटीत लागली. त्या वर्षी जपानात जन्मलेल्या मुलांची संख्या सात लाखांच्याही खाली आली, आणि 'नाकायोशी'ला सत्तर वर्षे झाली.